जीपचं इंजिन बदलायचंय? मोजणी चाकापासून सुरू करा

महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० किंवा सीजे जीपला दुसरं इंजिन-गिअरबॉक्स टाकायचं ठरलं की पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, फोन सुरू होतात. प्रश्न दोनच: कितीला पडेल आणि किती एचपीचं आहे? दोन्ही रास्त, पण त्यांची पाळी शेवटी.

पहिल्यांदा आरसी काढा आणि त्यावरचं इंधन, मेक, इंजिन नंबर वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला, प्रत्येक बदलामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणून माझ्या मते त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, नीट बांधलेलं इंजिन हीच पहिली पसंती असावी. त्यापलीकडे काही डोक्यात असेल तर पैसे देण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत, गाडी एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवडला, लेखी विचारून घ्या. इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत कळवायचं असतं, शिवाय विमा कंपनीलाही. ‘कोण बघतंय?’ असं गॅरेजवाला म्हणेलच. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीच्या पासिंगला इन्स्पेक्टर बघतो आणि अपघातानंतर विमावाला.

आता कॅल्क्युलेटर घ्या आणि चाकापासून मागे या. समजा टायर २३५/७५ आर १५ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण २.३ मीटर पुढे जाते. डिफरन्शिअल (शाफ्टचे फेरे चाकांकडे वळवणारा गिअरसंच) ४.८८ चा, म्हणजे शाफ्टच्या ४.८८ फेऱ्यांना चाकाचा एक, आणि टॉप गिअर सरळ १:१ असेल तर ३,००० आरपीएमला ताशी ८५ किलोमीटर. एवढ्यावर मुंबई-बंगळुरू हायवेला ट्रकच्या मागेच बसायचं आणि इंजिन सतत ओरडत राहायचं. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला तर त्याच आरपीएमला १०६. बोलेरोचा पाच गिअरचा एनजीटी गिअरबॉक्स लोक शोधतात तो यासाठीच. पण दुसरं टोकही तपासा. पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा) लो २.४६ आणि डिफरन्शिअल ४.८८ यांचा गुणाकार ४८ येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ४८. पहिला गिअर ३.५ चा आला तर हाच आकडा ४२. मुळशीकडच्या दगडी उतारावर इंजिननेच गाडी रोखून धरायची असते, तिथे हा फरक ब्रेकवरच्या पायाला कळतो. डिफरन्शिअलचा आकडा ऐकीव धरू नका. गाडी जॅकवर घ्या, एक मागचं चाक अडवून ठेवा, दुसऱ्याचे दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरतो ते मोजा.

हे जमलं की मगच टेप. सगळ्यात जास्त पैसा जातो तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात: बेल हाउसिंगची (क्लचवरच्या कवचाची) भोकं, इनपुट शाफ्टचे दाते, क्लच प्लेट, पायलट बेअरिंग, फ्लायव्हीलची रिंग आणि स्टार्टर. यातलं एक जरी जुळलं नाही तर अडॅप्टर प्लेट आणि लेथवाल्याच्या चकरा. त्यामुळे शक्य असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून निघालेला, एकत्रच घ्या. गिअरबॉक्स लांब आला तर मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड आणि पुढचा लांब करावा लागेल. कापून वेल्ड केलेला शाफ्ट बॅलन्स करून घ्या. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) पुढच्या अॅक्सलच्या वर येत असेल तर स्प्रिंग पूर्ण दबल्यावर किती जागा उरते ते बघा, सपाट जमिनीवर उभ्या गाडीत नव्हे. जिप्सीवाले इथे नशीबवान: त्यांची ट्रान्सफर केस वेगळी, मधे छोटा शाफ्ट. गिअरबॉक्स बदलताना तिला हात लावावा लागत नाही.

इंजिन बघायला मेकॅनिकला घेऊन जा आणि ते थंडच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर शंका घ्या. ऑइलची कॅप काढून धूर फेकतंय का, निळा धूर येतो का, रेडिएटरच्या पाण्यात तेल तरंगतंय का हे पाहून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. एकेका आकड्यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. इंजिन नंबर घासलेला दिसला तर भाव कितीही चांगला असो, उठून या. पावती आणि ज्या गाडीतून निघालं तिचे कागद हवेतच.

डिझेलवाल्यांनी अल्टरनेटरमागचा व्हॅक्युम पंप इंजिनासोबत मागून घ्यावा. ब्रेक बूस्टर त्यावरच चालतो आणि ‘हाफ इंजिन’ (जोडणीचे भाग नसलेलं इंजिन) घेताना नेमका तोच राहतो. कॉमन रेल (संगणकावर चालणारं डिझेल इंजिन) घेत असाल तर ईसीएम (इंजिनाचा संगणक), वायरिंग, सेन्सर आणि चावी यांचा अख्खा संच, नाहीतर नकोच. ताम्हिणीत भर पावसात बंद पडलेला यांत्रिक डिझेल पंप गाववाला मिस्त्रीही सुरू करून देतो, ईसीएम नाही.

रेडिएटर, होसपाइप, माउंटिंगची रबरं, क्लच प्लेट हे नवंच. कामाचा अंदाज मिळेल त्यावर निम्मे पैसे आणखी बाजूला ठेवा, आणि मे महिन्यात गाडी उघडू नका, पाऊस आला की टर्नर आणि पेंटर दोघंही हातचे जातात. काम संपल्यावर पहिली चक्कर बोपदेव घाट, मागे दोन माणसं बसवून, नजर तापमानाच्या काट्यावर. खाली आल्यावर माउंटिंग, शाफ्ट आणि बेल हाउसिंगचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.