खातेयादी एक करताना: सॉफ्टवेअर बदलाच्या प्रकल्पात नव्याने बसणाऱ्या अकाउंटंटसाठी

वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या औद्योगिक वसाहतींत परदेशी समूहांचे कारखाने आहेत. त्यांच्या अकाउंट्स विभागात बी.कॉम. झालेली, सीए किंवा सीएमए इंटरपर्यंत पोचलेली गोव्यातली पुष्कळ मुलंमुली काम करतात. अशा अनेक समूहांत सध्या एसएपी कंपनीची ईसीसी ही जुनी हिशेब प्रणाली सोडून तिच्याच एस/४ हाना या नव्या प्रणालीवर जायची धावपळ आहे, कारण ईसीसीच्या शेवटच्या आवृत्त्यांची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबते. प्रणाली बदलतेच आहे तर सगळ्या देशांची खातेयादी, म्हणजे चार्ट ऑफ अकाउंट्सही एकच करावा, असं मुख्यालय ठरवतं. मग दोन-तीन वर्षं काम केलेल्या कुणाला तरी कारखान्याच्या बाजूने प्रकल्पात बसवलं जातं. हे लेखन त्या माणसासाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. सॉफ्टवेअर नवं झालं म्हणून खातेयादी आपोआप एक होत नाही. असलेली प्रणाली तशीच उचलून नव्या आवृत्तीत नेली, तर जुनी यादीही तशीच पुढे येते. नव्याने उभारणी केली तर यादी कोरी मिळते, पण जुना इतिहास बाहेर राहतो. निवडक डेटा नेण्याचा मधला मार्गही असतो. ज्या कंपनी कोडवर, म्हणजे प्रणालीतल्या स्वतंत्र हिशेब असलेल्या कंपनीवर, नोंदी झाल्या आहेत, त्याची मुख्य खातेयादी नुसत्या सेटिंगमध्ये बदलता येत नाही; त्यासाठी वेगळं रूपांतर करावं लागतं. तुमचा प्रकल्प यातला कोणता, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

एसएपीत खातेयाद्या तीन प्रकारच्या. रोजच्या नोंदी होतात ती कार्यकारी यादी, एकत्रित ताळेबंदासाठी समूहाची यादी, आणि त्या-त्या देशाच्या कायद्यासाठी देशाची यादी. कार्यकारी खात्याच्या मास्टरमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ माहितीच्या नोंदीत, समूह खात्याचा क्रमांक आणि पर्यायी, म्हणजे देशाच्या खात्याचा क्रमांक लिहायला एकेक रकाना असतो. फ्रान्समध्ये पुरवठादार ४०१ आणि ग्राहक ४११ हे कायद्याच्या आराखड्यातले क्रमांक आहेत; पोर्तुगालमध्ये २०१० पासूनच्या पद्धतीत ग्राहक २१ आणि पुरवठादार २२. भारतात क्रमांकांचं असं बंधन नाही, पण कंपनी कायदा २०१३ चं शेड्यूल ३ ताळेबंदात काय वेगळं दाखवायचं ते सांगतं. लक्षात ठेवायची गोष्ट ही की पर्यायी खात्याच्या रकान्यात एका कंपनी कोडसाठी एकच क्रमांक मावतो. कार्यकारी दहा खाती देशाच्या एका खात्याला जोडता येतात, एक खातं देशाच्या दोन खात्यांना नाही. म्हणून कायदा जिथे सर्वांत बारीक तपशील मागतो, तिथे सामाईक यादीही तेवढीच बारीक ठेवावी लागते. ‘खाती निम्मी करू’ असं ध्येय वरून आलं की पहिली ठेच इथे लागते.

बाकी ठिकाणी मात्र खाती खरोखरच कमी होतात. खात्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: पैसा कशावर गेला किंवा कशातून आला. कुठे, कुणी, कोणत्या उत्पादनासाठी, ही उत्तरं कॉस्ट सेंटर (खर्चाचा विभाग), प्रॉफिट सेंटर (नफ्याचा विभाग), इंटर्नल ऑर्डर (एखाद्या कामाचा खर्च वेगळा जमवण्याचा क्रमांक) यांच्याकडे द्यायची. ‘वीज – वेर्णा’, ‘वीज – कुंडई’, ‘वीज – गोदाम’ अशी खाती असतील तर हिशेब करून पाहा. खर्चाचे ४० प्रकार, ३ जागा, प्रत्येकी २ विभाग, म्हणजे २४० खाती. तीच माहिती ४० खाती आणि ६ कॉस्ट सेंटर यांत बसते. एस/४ मध्ये खातं, कॉस्ट सेंटर, प्रॉफिट सेंटर हे सगळं एकाच नोंदवहीच्या एकाच ओळीत साठतं, त्यामुळे पूर्वी वेगळं खातं उघडून मिळणारा अहवाल आता त्याशिवाय निघतो.

पण कुठलंही खातं बंद करण्याआधी ते का उघडलं होतं हे शोधा. तुमचं खरं काम हे आहे. सल्लागार कंपनीला एसएपी तुमच्यापेक्षा जास्त येतं आणि मुख्यालयाला समूहाचे नियम जास्त ठाऊक असतात. मात्र कारखान्याच्या लेजरमधलं प्रत्येक खातं कोणत्या अडचणीतून आलं, हे तुमच्याशिवाय त्या टेबलावर कुणीच सांगू शकत नाही.

कामगारांच्या वाहतुकीचं उदाहरण घ्या. लेजरमध्ये ‘बस भाडं’ आणि ‘गाडी भाडं’ अशी दोन खाती दिसतात आणि मुख्यालय म्हणतं, दोन्ही ‘कर्मचारी वाहतूक’मध्ये टाका. दोन खाती उघडण्यामागे जीएसटी आहे. चालकासकट १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनाच्या भाड्यावरचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, साधारणपणे जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली अडते; मोठ्या बसला ते बंधन नाही. त्यामुळे खाती एकत्र करायला हरकत नाही, पण फरक टॅक्स कोडमध्ये, म्हणजे बिल नोंदवताना निवडायच्या कराच्या खुणेत, गेला पाहिजे: क्रेडिट मिळणाऱ्या बिलाचा एक कोड, न मिळणाऱ्याचा दुसरा. तो कोड तयार होण्याआधीच खातं बंद केलं, तर जीएसटी विवरणपत्र भरताना बिलं हातांनी वेगळी करावी लागतात.

ऊर्जेचंही तसंच. मुख्यालयाच्या यादीत एकच ‘एनर्जी’ असतं. आपल्याकडे सरकारी वीज विभागाचं बिल जीएसटीमुक्त आणि जनरेटरचं डिझेल जीएसटीच्या बाहेर, त्यावर राज्याचा व्हॅट. शिवाय कॉस्ट रेकॉर्डच्या, म्हणजे उत्पादन खर्चाच्या नोंदींच्या, २०१४ च्या नियमांत औषधनिर्मिती येते, आणि उलाढालीची मर्यादा ओलांडलेल्या कंपनीला विजेचा, वाफेचा, इंधनाचा वापर प्रमाणासकट दाखवावा लागतो. इथे आमचं मत स्पष्ट आहे: वीज आणि इंधन ही दोन खाती ठेवायला लावा, त्याहून जास्त मागू नका. युनिट आणि लिटर प्रमाणाच्या रकान्यात भरा.

तडजोड न करण्याची खातीही आहेत. सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी यांचं इनपुट आणि आउटपुट, तसंच रिव्हर्स चार्जचं (खरेदीदारानेच भरायच्या कराचं) देणं, ही युरोपातल्या ‘व्हॅट’च्या एका खात्यात कोंबता येत नाहीत, कारण कोणतं क्रेडिट कोणत्या करापोटी वापरायचं याचा क्रम कायद्याने ठरवला आहे. शेड्यूल ३ मध्ये पगार व मजुरी, भविष्य निर्वाह व इतर निधींचं योगदान आणि कर्मचारी कल्याण वेगवेगळे दाखवावे लागतात. लेखापरीक्षकाला दिलेली रक्कम लेखापरीक्षणासाठी किती, करविषयक कामासाठी किती, अशी फोडावी लागते. सूक्ष्म व लघु उद्योगांचं देणं इतर पुरवठादारांपासून वेगळं दाखवावं लागतं, म्हणून त्यांचं रिकन्सिलिएशन खातंच (पुरवठादारांची बेरीज जिथे जमते ते) वेगळं ठेवणं सोयीचं. त्यांची रक्कम मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिली नाही, तर कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्याच वर्षी वजावटीला मिळतो. ‘भारताला हे लागतं’ एवढं म्हणून मुख्यालय ऐकत नाही. कलम, अहवालाचं नाव आणि गेल्या वर्षीच्या ताळेबंदातली ओळ दाखवली की ऐकतं.

ही कारणं बहुधा कागदावर नसतात. वीस वर्षं तिथे काढलेल्या हिशेबनिसांना ठाऊक असतात. परदेशातल्या लोकांसमोरच्या कॉलवर ते दोन वाक्यांपलीकडे बोलणार नाहीत. यादी छापून त्यांच्या टेबलाशी जा, कोकणी-मराठीत एकेक खातं विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या. खातेजोडणीतला, म्हणजे जुनं कोणतं खातं कोणत्या नव्यात जाणार याच्या तक्त्यातला, हा सर्वांत मोलाचा रकाना आहे.

आता यादी कशी करायची ते. प्रत्येक खात्यासमोर क्रमांक, नाव, शिल्लक, शेवटच्या नोंदीची तारीख, गेल्या २४ महिन्यांतल्या नोंदींची संख्या, नोंद हातांनी होते की आपोआप, ओपन आयटम (एकेक नोंद जुळवून मिटवायचं खातं) आहे का, रिकन्सिलिएशन आहे का, चलन, टॅक्सचा प्रकार आणि उघडण्याचं कारण लिहा. क्रमांकाचा रकाना एक्सेलमध्ये टेक्स्ट म्हणूनच आणा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि लुकअप जुळत नाही. नवी नावं सुचवताना छोटं नाव २० अक्षरांत आणि मोठं ५० अक्षरांत बसवा. त्यापुढचं कापलं जातं आणि दोन खाती पडद्यावर सारखीच दिसू लागतात.

नोंद नाही आणि शिल्लकही शून्य, अशी खाती लगेच बाजूला काढा. नोंद नाही पण शिल्लक आहे, ती खाती त्रासाची: जुने डिपॉझिट, कधी न सुटलेला सस्पेन्स (खातं न ठरल्याने तात्पुरती ठेवलेली रक्कम), सोडून गेलेल्या कामगाराचा अ‍ॅडव्हान्स. ती नव्या प्रणालीत नेऊन साफ करू असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या, कारण जुने कागद आणि जुनी माणसं पुढे हाताशी नसतात. निर्लेखन (राइट-ऑफ) करायचं तर त्याची मंजुरी फायनान्स प्रमुखांकडून आताच घ्या.

जोडणीत अनेक जुनी खाती एका नव्यात जाणं सोपं असतं. एक जुनं खातं दोन नव्यांत फुटतं तिथे नियम लागतो आणि तो लेखी हवा. ‘प्रवास खर्च’ देशांतर्गत आणि परदेशी असा फुटणार असेल, तर कशावरून: टॅक्स कोड, कागदपत्राचा प्रकार, की प्रवास पोर्टलमधला कोड? ‘अंदाजे ७०-३०’ हा नियम नव्हे. लेखापरीक्षक तो मान्य करणार नाहीत. जीआर/आयआर (माल आला, बिल यायचं आहे) अशा ओपन आयटम खात्यांची एकूण शिल्लक नेऊन भागत नाही. प्रत्येक उघडी ओळ तिच्या खरेदी आदेशाच्या क्रमांकासकट जावी लागते, नाहीतर नंतर आलेलं बिल कशाशीच जुळत नाही.

एस/४ मध्ये कॉस्ट एलिमेंट (कॉस्टिंगमधला खर्चाचा प्रकार) ही स्वतंत्र वस्तू राहत नाही, तीही खातीच होतात. खात्याचा प्रकार एक्स म्हणजे ताळेबंदाचं, एन म्हणजे नफातोट्याचं पण कॉस्टिंगमध्ये न जाणारं, पी म्हणजे प्राथमिक खर्च किंवा महसूल, एस म्हणजे अंतर्गत वाटपाचं. एस खात्यांसाठी क्रमांकांचा एक पट्टा, उदाहरणार्थ ९ ने सुरू होणारा, सुरुवातीपासून राखून ठेवा. इतरत्र दोन क्रमांकांत दहाचं अंतर सोडा.

तारखेचा प्रश्न भारतीय शाखेला जास्त बोचतो. समूहाचं वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. बदल १ जानेवारीला झाला तर आपले नऊ महिने जुन्या खात्यांवर आणि तीन नव्यांवर पडतात. तेव्हा नफातोट्याच्या शिल्लका महिनावार न्या, एकगठ्ठा नको, नाहीतर पुढच्या वर्षी तुलनेला आकडेच राहत नाहीत. १ एप्रिलला झाला तर फक्त ताळेबंद न्यायचा असतो, पण ३१ मार्चच्या लेखापरीक्षणातल्या दुरुस्त्या जुन्या प्रणालीत येतच राहतात, म्हणून सुरुवातीच्या शिल्लका पुन्हा नेण्याची तारीख आधीच ठरवून ठेवावी लागते. आम्ही दुसरा मार्ग निवडायला सांगू. काम वाढतं, पण ते दिसतं आणि संपतं.

सर्वांत जास्त बिघाड खातेयादीत नव्हे, तिच्यावर टेकलेल्या गोष्टींत होतात. मालाच्या हालचालींची आपोआप नोंद ओबीवायसी या एसएपीच्या सेटिंगमधल्या खात्यांवर होते, विक्रीची व्हीकेओएमधल्या, मालमत्तेची एओ९० मधल्या, कराची ओबी४० मधल्या. पगाराचं सॉफ्टवेअर, प्रवास पोर्टल आणि बँक स्टेटमेंट यांच्या फायलींत जुने क्रमांक लिहिलेले असतात. वाटपाची सायकल, दरमहा आपोआप होणारी भाड्याची नोंद, क्रमांक आत लिहून ठेवलेले अहवाल आणि प्लँट मॅनेजरची एक्सेल शीटही त्यातच येतात. यांची वेगळी यादी करा, प्रत्येकीला जबाबदार माणसाचं नाव द्या आणि चाचणीत निदान एक पूर्ण महिना चालवून त्या महिन्याचे हिशेब बंद करून पाहा. पगार आणि घसारा त्यात असलाच पाहिजे.

चाचणीत ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून समाधान मानू नका. चुकीच्या खात्याला जोडलेली रक्कमही जमा-नावे जुळवतेच. तपासणी ताळेबंदाच्या ओळीनिहाय करा: जुन्या प्रणालीतली ‘इतर चालू देणी’ आणि नव्यातली तीच ओळ रुपयांत एका पैशाच्याही फरकाशिवाय जुळली पाहिजे. समूहाच्या चलनात पूर्णांकनाचे (राउंडिंगचे) बारीक फरक येतात. ते किती चालतील हे आधी लिहून घ्या. भागभांडवलाचं परदेशी चलनातलं मूल्य जुन्या दराने धरलेलं असतं, ते आजच्या दराने पुन्हा मोजलं जाणार नाही याची खात्री करा.

भारतीय कायद्याच्या तीन गोष्टी मुख्यालयाला आठवण करून द्याव्या लागतात. हिशेबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, म्हणून जुनी प्रणाली निदान वाचण्यापुरती चालू हवी. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी बदलांची नोंद आवश्यक आहे. आणि सर्व्हर परदेशात असला तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. खातेजोडणीची अंतिम फाईल सहीसकट याच कागदपत्रांत जपा. पुढच्या लेखापरीक्षणात पहिल्यांदा तीच मागितली जाते.

नवी प्रणाली सुरू झाल्यावर पहिले तीन महिने ‘किरकोळ खर्च’ आणि ‘सस्पेन्स’ या खात्यांतल्या नोंदी दर आठवड्याला ओळीओळीने वाचा. तिथे रक्कम वाढू लागली तर कुठल्या तरी विभागाला आपलं खातं सापडत नाहीये. नवीन खात्याची मागणी मुख्यालयाकडे करण्याचा अर्ज तयार असू द्या. त्यात कॉस्ट सेंटर किंवा टॅक्स कोडने का भागत नाही आणि कोणत्या अहवालासाठी हवं, हे दोन रकाने सक्तीचे ठेवा. उत्तर दोन कामाच्या दिवसांत यावं असं लेखी ठरवून घ्या. उशीर झाला की लोक मिळेल त्या खात्यावर नोंद करतात, आणि महिना बंद झाल्यावर ती शोधून सरळ करायला तुम्हालाच बसावं लागतं.