अभ्यासिका उघडण्याआधी माणसे जोडताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायचे ठरले, की पहिली बैठक जागेवर होते आणि दुसरी उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यावर. आम्हीही तसेच केले. रंग दिलेली खोली, चाळीस खुर्च्या, देणगीदारांच्या नावांचा फलक आणि शाल-श्रीफळाचा समारंभ, हे सगळे यथासांग झाले. चौथ्या महिन्यात मात्र वीजबिल भरायला खात्यात पैसे नव्हते आणि रात्री कुलूप लावायला थांबेल असा माणूसही नव्हता. ती खोली बंद झाली. दुसऱ्या अभ्यासिकेच्या वेळी आम्ही कामाचा क्रम उलटा केला आणि ती टिकली. असे काही उभे करू पाहणाऱ्यांसाठी त्या दोन अनुभवांतल्या चुका येथे नोंदवत आहे.

सल्ला विचारण्याआधी पैसे मागणे

पहिल्या वेळी आम्ही पावतीपुस्तक घेऊनच लोकांच्या दारात गेलो. समोरच्याने पाचशे एक रुपये दिले, पावती घेतली आणि त्याचा आमच्याशी असलेला संबंध तेथेच संपला. दुसऱ्या खेपेस सहा महिने कोणाकडेही पैसे मागायचे नाहीत असे ठरवून आम्ही एक दोनशे पानी वही घेऊन फिरलो. वहीत चार रकाने आखले होते: नाव, त्यांचे म्हणणे, ते काय करू शकतील आणि पुन्हा कधी भेटायचे. एका निवृत्त शिक्षिकेने सांगितले, की रात्री अकरापर्यंत खोली उघडी ठेवून मुलींना काही उपयोग नाही, कारण त्या वेळी त्यांना घरून कोणी सोडणार नाही. त्यांच्यासाठी सकाळचे सहा ते दहा राखून ठेवा. मग तिसऱ्या रकान्यात बाईंनी स्वतःच्या हाताने ‘रविवारी मी कुलूप उघडीन’ असे लिहिले. आम्ही वेळापत्रक त्याप्रमाणे बदलले. पुढे देणगी मागायला गेलो तेव्हा बाईंनी स्वतःची रक्कम तर दिलीच, शिवाय आपल्या माजी विद्यार्थ्यांना एकेक करून फोन केले. त्यांतले बहुतेक जण आम्हाला ओळखतही नव्हते; त्यांनी पैसे पाठवले ते बाईंच्या शब्दावर.

ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांना वगळणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यासाठी घराघरांतल्या बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, आणि ज्या घरातून ती मूठ जाई त्या घराला वसतिगृह आपले वाटे. आमच्याकडे एका सुताराने बाके दुरुस्त केली, एका वायरमनने मजुरी घेतली नाही. दोघांचीही नावे वहीत रोख देणाऱ्यांच्या बरोबरीने लिहिली आहेत.

एका मोठ्या देणगीदाराच्या भरवशावर राहणे

पहिल्या अभ्यासिकेचा बहुतेक खर्च एका बड्या व्यक्तीने उचलला होता. त्यांचे नाव फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरांत लागले, आणि बाकीच्यांनी ही त्यांची अभ्यासिका आहे असे समजून हात आखडता घेतला. पुढे त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले, तेव्हा मागे कोणीच उरले नव्हते. दरमहा शंभर रुपये देणारी दीडशे माणसे म्हणजे महिन्याला पंधरा हजार रुपये. आमच्यासारख्या खोलीचे भाडे, वीज आणि वर्तमानपत्रे त्यांत भागतात, आणि दहा जण गळाले तरी कुलूप लावावे लागत नाही.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. भट्टी पेटण्याआधीच त्या कारखान्याच्या पाठीशी असंख्य वर्गणीदार होते.

पैशाची वाट कायद्याने मोकळी न करणे

सुरुवातीला उत्साहाच्या भरात कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड गटावर टाकला जातो. हे कृपा करून करू नका. त्या खात्यावरच्या रकमेबद्दल आयकर विभागाने विचारले तर उत्तर त्या एकट्याला द्यावे लागते, आणि गावात कुजबुज सुरू झाली तर ती थांबवायला कागद हाती नसतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात त्याच संस्थेची न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंद करावी लागते. नोंदणीआधीच वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी.

करसवलतीविषयी अपुरी माहिती देऊन देणगी घेणे हीदेखील गंभीर चूक आहे. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी या नावाने ओळखली जाणारी मान्यता संस्थेच्या हाती येण्यापूर्वी त्या सवलतीचे आश्वासन देऊ नये. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला तिचा उपयोग नाही. हे त्याला आधीच सांगितले, तर मार्च अखेरीस त्याचा विश्वास उडत नाही.

परदेशातल्या गावकऱ्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही; परंतु त्याच घरातल्या, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भावाची रक्कम तशी ठरते, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. परकीय देणगी विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारता येत नाही, आणि नोंदणीसाठी संस्थेचे किमान तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. अशा आप्तांकडून सुरुवातीच्या काळात मुलांना ऑनलाइन मार्गदर्शन मागावे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठीही सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे काम लागते, म्हणून त्या निधीवर पहिल्या वर्षाचा अंदाज बेतू नये.

वर्गणी मध्येच अडली तर

नव्या याद्या काढण्याआधी जुन्या वहीतला शेवटचा रकाना पाहावा. आमची वर्गणी अडली तेव्हा असे दिसले, की निम्म्याहून अधिक लोकांना ‘पुन्हा भेटू’ असे सांगून कोणी गेलेच नव्हते. ज्यांनी आधीच दिले आहे त्यांच्याकडे प्रथम जावे, आतापर्यंत काय आले आणि कशावर खर्च झाले याचा एक पानी हिशेब त्यांच्या हाती द्यावा आणि आणखी कोणाकडे जावे हे त्यांनाच विचारावे. एखाद्या घरून दोनदा नकार आला असेल, तर मागणारा माणूस बदलून पाहावा. जुने भांडण, भाऊबंदकी किंवा निवडणुकीतला वितुष्टाचा धागा अनेकदा मागणाऱ्याशी जोडलेला असतो, कामाशी नसतो.

उद्घाटनाची तारीख आम्ही दुसऱ्या वेळी तोपर्यंत धरली नाही, जोपर्यंत वहीत दोन गोष्टी भरल्या नव्हत्या: सहा महिन्यांचे भाडे संस्थेच्या खात्यात जमा, आणि आठवड्याच्या सातही दिवसांपुढे किल्ली सांभाळणाऱ्याचे नाव. बुधवारची ओळ पाच आठवडे रिकामी होती. ती भरली त्या संध्याकाळी आम्ही निमंत्रणपत्रिका छापायला दिली.