नीतिशास्त्राचा पहिला कोर्स: घेण्याआधी माहीत असलेलं बरं

नीतिशास्त्राच्या पहिल्या कोर्सला येणाऱ्यांत मला कायम दोन तऱ्हा दिसल्या. काहींना वाटतं, हा मूल्यशिक्षणाचाच तास असणार. खरं बोला, मदत करा, झालं. बाकीच्यांना वाटतं, इथे बरोबर-चूक असं काही नसतंच, तेव्हा फर्डं बोलता आलं की मार्क पक्के. पहिला निबंध तपासून परत आला की दोघांचेही चेहरे सारखेच पडतात. माझा मूळ विषय संख्याशास्त्र. हा कोर्स मी ऐच्छिक म्हणून घेतला आणि पुढे काही काळ याच कोर्सच्या नव्या मुलांचे चर्चागटही सांभाळले. त्यामुळे निबंध लिहिणारीची आणि निबंध वाचणारीची, अशा दोन्ही बाजू माहीत आहेत.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे: या कोर्समध्ये तुमच्या मताला मार्क नाहीत. इच्छामरण योग्य म्हणा की अयोग्य, दोन्ही बाजूंनी उत्तम निबंध लिहिता येतो आणि दोन्ही बाजूंनी टुकारही. तपासणारा दोन गोष्टी शोधत असतो. समोरच्याचा युक्तिवाद तुम्ही सुटा करून, आधारविधानं, म्हणजे ज्यांच्यावर निष्कर्ष उभा असतो ती विधानं, एकाखाली एक लिहून मांडलात का? आणि निष्कर्ष पटत नसेल तर त्यातलं नेमकं कोणतं आधारविधान नाकारताय, हे सांगितलंत का? 'मला हे पटत नाही' हे वाक्य इथे सुरुवातीला लिहायचं असतं, शेवटी नाही.

याची पहिली चव सापेक्षतावादाच्या आठवड्यात मिळते. 'ज्याची त्याची नीती वेगळी' हे वाक्य घेऊनच निम्मा वर्ग आलेला असतो, म्हणून बहुतेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते. युक्तिवाद मांडून बघा. आधारविधान एकच: वेगवेगळ्या समाजांच्या नैतिक समजुती वेगवेगळ्या आहेत. निष्कर्ष: म्हणून नैतिक प्रश्नांना समाजनिरपेक्ष खरं उत्तर नाही. आधारविधान खरं धरलं तरी निष्कर्ष त्यातून निघत नाही. पृथ्वीच्या आकाराबद्दलही समाजांच्या समजुती वेगवेगळ्या होत्या; तेवढ्यावरून तिला आकारच नाही असं ठरत नाही. शिवाय नीती म्हणजे समाज मानतो तेच असेल, तर आपल्याच समाजाची एखादी रूढी चुकीची आहे असं म्हणणारा प्रत्येक सुधारक व्याख्येनेच चुकीचा ठरतो. इथे बरीच मुलं चिडतात आणि 'सरांनी सापेक्षतावाद खोटा ठरवला' असं वहीत लिहून घेतात. तसं झालेलं नसतं. या एका वाटेने तिथे पोचता येत नाही, एवढंच दिसलेलं असतं. दुसरी वाट असू शकते, आणि ती शोधणं हा चांगल्या निबंधाचा विषय आहे.

याच सुमारास प्लेटोचा 'युथिफ्रो' हा छोटा संवादही वाचायला लागतो. देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? एका बैठकीत वाचून होतो. श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांनीही आपल्यावर हल्ला झाला असं न समजता वाचावा.

वाचन हीच या कोर्सची खरी मेहनत. पानं थोडी असतात म्हणून फसू नका. संख्याशास्त्राच्या पुस्तकात एक पान कळायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच मला इथे लागला. फरक एवढाच की तिथे कळलं नाही हे लगेच कळायचं. इथे वाक्यं ओळखीची असतात, त्यामुळे सगळं समजल्यासारखं वाटतं आणि चर्चेत कोणी 'मग लेखक यावर काय म्हणतो?' विचारलं की तोंड उघडत नाही. माझा उपाय साधा होता. पहिल्या वाचनात फक्त निष्कर्षाचं वाक्य शोधायचं. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदासमोर समासात लिहायचं: हे आधारविधान, हे उदाहरण, हा आक्षेप, हे आक्षेपाला उत्तर. आक्षेप लेखकाने स्वतःच मांडलेला असतो आणि मुलं तेच लेखकाचं मत म्हणून उद्धृत करतात. हे इतक्यांदा पाहिलं आहे की समासातल्या खुणांबद्दल मी आता हट्टीच झाले आहे.

सरावाला एकच लेख सुचवायचा तर पीटर सिंगर यांचा 1972 सालचा दुष्काळ आणि संपन्नता यांवरचा लेख. पूर्व बंगालमधल्या 1971 च्या निर्वासितांची उपासमार ही त्याची पार्श्वभूमी. भाषा सोपी आहे आणि युक्तिवादाचे सांधे उघडे दिसतात. उथळ तळ्यात मूल बुडतंय, तुम्ही बाजूने चालला आहात, कपडे चिखलाने खराब होतील एवढंच; तर उतरायलाच हवं, हे सगळे मान्य करतात. मग सिंगर दोन विधानं ठेवतात. अन्न, निवारा, औषधोपचार न मिळाल्याने होणारे हाल आणि मृत्यू ही वाईट गोष्ट आहे. आणि, तितक्याच नैतिक मोलाचं काही न गमावता एखादी वाईट गोष्ट टाळणं आपल्या हातात असेल, तर आपण ती टाळली पाहिजे. या दोहोंतून निघतं ते असं की सुस्थितीतल्या माणसाने आज देतो त्याच्या कितीतरी पट द्यायला हवं, आणि ते दान नव्हे, कर्तव्य आहे.

आता वर्गात हमखास येणारी उत्तरं बघा. 'ते लोक लांब आहेत.' लेखातच उत्तर आहे. 'बाकीचे कुठे देतात?' तेही लेखात आहे: तळ्याकाठी आणखी लोक नुसते उभे आहेत म्हणून तुमची सुटका होते का? 'हे सरकारचं काम' हाही मुद्दा त्यांनी घेतलेला आहे. 'मदत पोचतच नाही' हे जरा वेगळं. ते खरं असेल तर 'आपल्या हातात' हा भाग डळमळतो. पण मग पोचणारी मदत सापडली की तुमचा आक्षेप संपला, आणि दुसरं विधान जागच्या जागी उभंच आहे. त्याला खरोखर हात घालायचा तर म्हणावं लागेल की आपल्या माणसांबद्दलची कर्तव्यं, आपल्या आयुष्याचे स्वतःचे बेत यांना असं काही मोल आहे की अनोळखी माणसाचं दुःख नेहमीच त्यांच्यावर मात करू शकत नाही. म्हणा. पण मग तोच नियम तळ्याकाठच्या माणसालाही सूट का देत नाही, हे सांगायला लागेल. निबंधाचं खरं काम इथे सुरू होतं, आणि बहुतेक निबंध इथे यायच्या आतच संपलेले असतात.

सिद्धांतांचा भाग साधारण तिघा तत्त्वज्ञांभोवती फिरतो: जॉन स्टुअर्ट मिल, इमॅन्युएल कांट, अ‍ॅरिस्टॉटल. मिलचं 'उपयुक्ततावाद' आधी 1861 मध्ये नियतकालिकातून आलं आणि 1863 मध्ये पुस्तकरूपाने. त्याचं सूत्र असं: सगळ्यांचं मिळून सुख ज्याने सर्वांत वाढतं, ती कृती बरोबर. वाचायला तिघांत सोपं, म्हणून परीक्षेत त्याच्यावरच जास्त घसरगुंडी होते. 'जास्तीत जास्त लोकांचं सुख' म्हणजे बहुमताने ठरवणं नव्हे. दहा जणांची किरकोळ गैरसोय आणि एकाच्या असह्य वेदना यांत दहाचा आकडा आपोआप जिंकत नाही. वेदना किती तीव्र, किती काळ, हेही मोजायचं असतं. मिलवर टीका करायची तर आधी हा गैरसमज दूर ठेवून करा.

अ‍ॅरिस्टॉटलबद्दल एवढंच: त्याचा मध्यम मार्ग म्हणजे सगळं बेताबेताने करणं नव्हे. योग्य वेळी, योग्य माणसावर, योग्य कारणासाठी भरपूर रागावणं त्याला मान्य आहे. आणि चोरी, खून, व्यभिचार यांना मध्यच नसतो, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

कांट अवघड आहे, यात वाद नाही. त्याचं 1785 चं छोटं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर दमछाक होईल. आधी दुसऱ्या भागातली चार उदाहरणं वाचा: आत्महत्या, खोटं वचन, अंगचे गुण वाया घालवणं, दुसऱ्याला मदत न करणं. त्यातही खोट्या वचनाचं नीट. परत करणार नाही हे माहीत असताना 'परत करतो' म्हणून मी उसने पैसे मागते. कांटची कसोटी अशी की माझा नियम सर्वांचा करता येतो का, ते बघायचं. सगळ्यांनीच असं केलं तर काय? 'तर समाजात गोंधळ माजेल' असं उत्तरपत्रिकांतून वाचून वाचून मला पाठ झालं. पण तो हिशोब परिणामांचा झाला, म्हणजे कांटच्या नावाखाली मिलच बोलला. कांटचं म्हणणं असं आहे की सगळेच असं करत असतील तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मला पैसे मिळवायला तर तो विश्वासच हवा आहे. म्हणजे माझा नियम सर्वांचा झाला की माझंच काम त्याने होईनासं होतं. परिणाम वाईट की चांगला, हा प्रश्न आलाच नाही. एवढा फरक स्वच्छ लिहिता आला तर कांटचं निम्मं काम झालं.

कांटने 1797 मध्ये आणखी एक छोटा लेख लिहिला. खुनी दारात येऊन विचारतोय, तुझा मित्र घरात लपलाय का. तेव्हाही खोटं बोलू नये, असं त्यात आहे. वर्ग इथे एकमुखाने हसतो. मला मात्र कर्णपर्वातला कौशिक आठवला. हा सत्यवचनी तपस्वी. लुटारूंच्या भीतीने पळालेली माणसं कुठे लपली, हे विचारल्यावर त्याने खरं सांगून टाकलं, ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला, अशी कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो. चर्चागटात ही गोष्ट सांगितली की कोणीतरी लगेच म्हणतं, झालं, कांट खोडला. खोडला नाही, कथा म्हणजे खंडन नव्हे. कृष्ण कांटचं कोणतं विधान नाकारतोय, ते सांगा. सत्य बोलण्याचं कर्तव्य विनाअट आहे, हे. का नाकारतोय? कारण धर्म हा प्राण्यांच्या धारणेसाठी आहे आणि सत्याचं मोल त्या धारणेत आहे, असं तो म्हणतो. आता कांटच्या बाजूने उत्तर द्या: परिणाम काय होतील हे सांगणारा तरी कुठे जाणतो? तुम्ही खोटं सांगितलंत, पण मित्र तोवर मागच्या दाराने निसटून नेमका त्याच रस्त्यावर गेला असेल तर? हे उत्तर कांटने दिलेलंच आहे. मला ते पुरेसं वाटत नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. ज्यांना हा धागा मराठीत पुढे न्यायचा असेल त्यांनी टिळकांच्या 'गीतारहस्या'तलं 'कर्मजिज्ञासा' प्रकरण काढावं.

ट्रॉलीचा प्रश्न तुम्ही कोर्सच्या आधीच कुठेतरी ऐकलेला असेल: अनावर ट्रॉली रुळावरच्या पाच जणांकडे धावतेय, रूळ बदलला तर ते वाचतील पण दुसऱ्या रुळावरचा एकजण मरेल; बदलावा का? फिलिपा फुट यांनी 1967 च्या लेखात तो मांडला, तोही गर्भपाताच्या चर्चेत, ओघात; पुलावरचा लठ्ठ माणूस, ज्याला खाली ढकलून ट्रॉली थांबवायची, तो जुडिथ जार्विस थॉमसन यांनी नंतर जोडला. 'ब्रेक का लावत नाही' म्हणणारा एकजण दरवर्षी असतोच. त्याला सांगावं लागतं की हे कोडं नाही, प्रयोग आहे. रूळ बदलून पाचांना वाचवताना एक मरतो, पुलावरून ढकलूनही तेच. आकडे सारखे ठेवले की आपल्याला खुपणारी गोष्ट आकड्यांत नाही हे कळतं. मग ती कशात आहे? मरणारा माणूस साधन म्हणून वापरला गेला, यात? उत्तर द्यायची घाई नको, पण 'प्रत्यक्षात असं घडत नाही' हे उत्तर नव्हे.

निबंधाबद्दल थोडं. 'मानव हा पूर्वीपासूनच नीतीचा विचार करत आला आहे' छापाची सुरुवात सरळ काढून टाका. पहिल्या परिच्छेदात तुमचा दावा एका वाक्यात असावा. आकडेवारीवरून थेट 'म्हणून असं करावं' यावर उडी मारू नका. जे आहे त्यावरून जे असावं ते आपोआप निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1740 च्या सुमारासच दाखवलं आहे आणि तपासणाऱ्याची लाल शाई तिथे तयार असते. आपल्या मतावरचा सर्वांत जोरदार आक्षेप स्वतः शोधून लिहा. बुजगावणं उभं करून पाडलंत तर ते लगेच ओळखू येतं. आणि डब्ल्यू. डी. रॉस यांची 1930 ची कल्पना, अनेक कर्तव्यं असतात आणि प्रसंगी एक दुसऱ्यावर मात करतं, ही शेवटच्या परिच्छेदात पळवाट म्हणून वापरू नका. मूळ कल्पना चांगली आहे. पण या प्रसंगी कोणतं कर्तव्य भारी आणि का, हे लिहिलं नाहीत तर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

गर्भपात, इच्छामरण, आत्महत्या हे विषय चर्चेला येतात तेव्हा वर्गात कोणीतरी त्यातून गेलेलं असतं, आणि ते कोण हे तुम्हाला माहीत नसतं. युक्तिवाद तितकाच धारदार ठेवा, पण 'असले लोक' हा शब्दप्रयोग टाळा. स्वतःला एखाद्या तासाला बसणं जड जाणार असेल तर शिक्षकांना आधी कळवा. कारण न विचारता दुसरा विषय देणारे मी पाहिले आहेत.

कोर्स आवडला तर पुढचं निवडताना जरा स्वतःकडे बघा. न्याय, हक्क, राज्य यांवर भांडायला आवडलं असेल तर राजकीय तत्त्वज्ञान घ्या. तिथे जॉन रॉल्सचं न्यायावरचं 1971 चं पुस्तक वाट बघत असेल. 'पण बरोबर म्हणजे मुळात काय?' हा प्रश्न सुटतच नसेल तर अधिनीतिशास्त्र. वैद्यक, कायदा किंवा संगणक हे तुमचं क्षेत्र असेल तर त्या त्या क्षेत्राच्या उपयोजित नीतिशास्त्राचा कोर्स बहुधा असतो, पण तो घेण्याआधी तर्कशास्त्राचा एखादा प्राथमिक कोर्स करून घ्या. क्रम उलटा झाला तर उदाहरणं खूप आणि युक्तिवाद थोडे, अशी अवस्था होते.