जामीन मंजूर, तरी सुटका नाही: कच्च्या कैद्यासाठी करायची कागदपत्रे

भारतातील तुरुंगांत दर चार बंद्यांमागे सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. गर्दी कमी करायची असेल तर नव्या बराकी बांधण्याआधी, ज्यांना कायद्याने आधीच वाट करून दिली आहे त्यांचे कागद हलवले पाहिजेत. हे काम नातेवाईक किंवा विधी स्वयंसेवकही करू शकतात.

तुरुंगात कैद्याच्या भेटीला (मुलाखतीला) जाल तेव्हा पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, लावलेली कलमे, अटकेची तारीख आणि इतर प्रलंबित खटले लिहून आणावेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने एक तृतीयांश काळ, कोठडीत काढला असल्यास तो जामिनावर सुटण्यास पात्र ठरतो. साध्या चोरीला कमाल ३ वर्षे शिक्षा आहे. म्हणजे पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीसाठी हा काळ १ वर्ष होतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असलेल्यांना हा लाभ नाही (ही दुसरी अट गरिबांनाच अधिक जाचते, असे माझे मत आहे). मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकांचे कर्तव्य आहे. तरीही दिवसांचा हिशेब मांडलेला लेखी अर्ज त्यांना द्यावा, पोहोच घ्यावी आणि प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) द्यावी. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; हेल्पलाइन १५१०० आहे.

खरी अडवणूक मात्र जामीन मंजूर झाल्यावर होते, कारण जामीनदार मिळत नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याला जामीनदार म्हणून नाकारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले, तरी स्थानिक जामीनदाराचा आग्रह आजही आढळतो. त्यामुळे ‘अट शिथिल करावी’ असे मोघम न लिहिता नेमकी मागणी करावी: वैयक्तिक जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सुटका, रक्कम कमी करणे, किंवा बाहेर येऊन जामीनदार आणण्यासाठी ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार ७ दिवसांत सुटका न झाल्यास कारागृहाने प्राधिकरणाला कळवायचे असते, आणि महिन्याभरात जामीन भरला न गेल्यास न्यायालय स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकते. अर्जात या निर्देशांचा उल्लेख करावा. पैशांचीच अडचण असेल तर गरीब कैद्यांसाठीच्या केंद्रीय योजनेतून मदत मिळू शकते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसारखे काही गुन्हे मात्र त्यातून वगळलेले आहेत.

सुटकेच्या दिवशीच पुढची तारीख आणि न्यायालयाचा खोली क्रमांक लिहून घरच्यांकडे द्यावा. तारखेला गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते आणि दुसऱ्यांदा जामीन मिळवणे फार अवघड जाते.