अर्धवट कुजलेल्या लाकडाचा बाऊल लेथवर कसा काढायचा

ठाण्यात जून-जुलैत चार जोराच्या सरी आल्या की कुठल्या ना कुठल्या सोसायटीत एखादा आंबा नाहीतर रेन ट्री आडवा होतो, मग त्याचे ओंडके करून कंपाउंडच्या भिंतीला लावून ठेवतात आणि ते दिवाळीपर्यंत तसेच पडून असतात. तोवर बुरशी आत शिरलेली असते, लाकूड मऊ पडतं, लोक म्हणतात सडलं, टाका कचऱ्यात. प्लीज टाकू नका. कापून बघा, आत पेनाने काढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसतील. दोन वेगवेगळ्या बुरश्या लाकडात समोरासमोर आल्या की आपापली हद्द आखतात, त्या हद्दीच्या या रेघा. चांगल्या सागात असं डिझाइन कधीच मिळणार नाही. फक्त हे लाकूड चांगल्या लाकडासारखं वागवायचं नाही, आधी त्याला कडक करायचं आणि मगच शेवटचा कट घ्यायचा, एवढं एक पक्कं डोक्यात ठेवा.

लाकूड विचारूनच उचला हं. सोसायटीतलं असेल तर कमिटीला, रस्त्यावरचं असेल तर पालिकेच्या उद्यान विभागाला. येऊरहून काटकीसुद्धा आणायची नाही, ते संजय गांधी नॅशनल पार्कात येतं.

आता निवड. नखाने दाबून बघा. नख रुतलं पण लाकूड एकसंध राहिलं तर काम होईल. बोटाने चुरा होत असेल, किंवा तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटत असेल तर सोडून द्या, त्यात धरायला काही उरलेलंच नसतं. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पावडर दिसली तर कीड आहे, असला ओंडका घरात फर्निचरजवळ अजिबात आणू नका. ओंडका मधोमध उभा चिरा, मधला गाभा काढून टाका (तडा तिथूनच जातो) आणि शक्यतो निबर लाकूड बुडाच्या बाजूला येईल असा ठोकळा काढा, कारण लेथवर (लाकूड गरागरा फिरवून हत्याराने कापायचं यंत्र) सगळा भार बुडावर असतो.

लेथला हात लावायच्या आधी मास्क. साधा कापडी नाही, एन-९५ घ्या, कारण या भुशात बुरशीचे कणही असतात. घरात कोणाला दमा असेल तर हे काम बाल्कनीत करूच नका, वागळे इस्टेटकडे कोणाचा गाळा ओळखीचा असेल तर तिथे करा. चेहऱ्यावर पूर्ण फेस शील्ड पाहिजे, चष्मा पुरत नाही, मऊ लाकडाचा तुकडा कधी सुटेल सांगता येत नाही. हातमोजे, ओढणी, लोंबती बाही काही नको.

ठोकळा फेसप्लेटवर (लेथच्या फिरत्या टोकाला बसणारी भोकांची लोखंडी चकती) लांब स्क्रूने धरा आणि स्क्रू निबर भागातच जाऊ द्या. बूडच मऊ असेल तर चांगल्या लाकडाची चकती चिकटवून स्क्रू त्यात मारता येतात, पण चिकटवायचं तर बुडाची जागा सुकी आणि सपाट पाहिजे. टेलस्टॉकचा (समोरच्या बाजूने ठोकळा दाबून धरणारा लेथचा भाग) आधार होईल तितका वेळ काढू नका. स्पीडचा नेहमीचा हिशोब असा की इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) हे ६००० ते ९००० मध्ये यावं, म्हणजे ८ इंचाला साधारण ७५० ते ११००. आपल्या लाकडाला सुरुवात ४००-५०० नेच करा, एका बाजूला मऊ आणि एका बाजूला जड असल्यामुळे ते थरथरतं.

पहिल्यांदा फक्त ढोबळ आकार काढायचा. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. बुडाला चकमध्ये (लेथचा जबड्यांचा पकडणारा भाग) धरण्यापुरता गोल खुंट ठेवा, पुढे तोच पकडायचा आहे. भिंत चांगली इंचभर जाड ठेवा, सुकताना बाऊल वाकडा होतो, नंतर गोल करायला माल उरला पाहिजे. मग वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करून तारखेसकट बुडावर पेन्सिलीने लिहा. वजन उतरायचं थांबलं की सुकला. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत हे खूप रेंगाळतं, कागद ओलसर लागला तर बदला, नाहीतर बुरशी खातच राहते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की तिचं काम बंद होतं.

सुकल्यावर पुन्हा चढवा, गोल करून घ्या, आणि आता कडक करायचं. याला दोन औषधं. थोडासाच मऊ असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर, म्हणजे पॉलिशआधी लाकडात मुरवायचं लुकण, निम्मा थिनर घालून ब्रशने पाजा, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत पाजत राहा आणि रात्रभर सुकू द्या. (जवळ ग्राइंडर चालवू नका, थिनरची वाफ ठिणगीने पेटते.) जिथे लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालंय तिथे पातळ इन्स्टंट ग्लू, फेविक्विकच्या जातीचा, थेंब थेंब सोडा. लाकूड पूर्ण सुकलेलं पाहिजे, कारण हा ग्लू ओलाव्याने आवळतो, ओल्या लाकडात वरच्यावर घट्ट होतो आणि आत जातच नाही. ग्लू लावताना लेथ बंद, खाली पेपर, खिडकी उघडी. सुती फडक्याने किंवा कापसाने पुसू नका, कापसात तो इतका तापतो की धूर निघतो, कधी पेटही घेतो. शिवाय ग्लूचे डाग पॉलिशखाली गडद दिसतात, म्हणून एका ठिकाणी लावला तर अख्ख्या पृष्ठभागावर लावा.

आता शेवटचा कट. गाउज (लेथवर कापायची पन्हळीसारखी पटाशी) नुकतीच धार लावलेली हवी, आणि धार लावल्यावर दोनच हलके कट घ्या, मग परत धार. बोथट हत्यार लाकडाच्या मऊ रेषा (तंतू) कापत नाही, उपटतं. बाऊल हाताने सावकाश फिरवून बघा, समोरासमोरच्या दोन भागांत खरखरीत खड्डे लागतील, तिथे रेषा उलट्या येतात. त्या जागी पुन्हा सीलर, पुन्हा सुकवणं, पुन्हा केसाइतका कट. कंटाळा येतो, मान्य, पण ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ते खड्डे घासून जात नाहीत, मऊ भाग आधी झिजतो आणि काळी रेघ उंचवट्यासारखी वर राहते. म्हणून घासणं कमीत कमी, १२० पासून ४०० पर्यंत, पेपर लाकडी ठोकळ्यावर किंवा कडक पॅडवर लावून, दाब न देता.

भिंत १० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. पातळ बाऊल दिसतो छान, पण या लाकडात तेवढी ताकद नसते.

पॉलिशला चपडा (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून ३-४ पातळ हात द्या, वरून मेणाचा एक हात. जवसाचं तेल थेट लावलं तर मऊ जागा जास्त पितात आणि चट्टे उठतात. सुपारी, चाव्या, सुटे पैसे ठेवायला हा बाऊल उत्तम, ओलं किंवा गरम मात्र काही नको, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा आतबाहेर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर फळीवर ठेवा.