फाब्रिकियसच्या पुलाची कमान शाडूतून कशी रचावी

रोममध्ये टायबर नदीतील बेटाला पूर्वेकडच्या तीराशी जोडणारा फाब्रिकियसचा पूल इ.स.पू. ६२ मध्ये बांधला गेला आणि आजही लोक त्यावरून चालत जातात. दोन मोठ्या कमानी आणि मध्ये एक खांब, एवढीच त्याची रचना आहे. प्रत्येक कमानीचा गाळा, म्हणजे दोन पायथ्यांमधले अंतर, सुमारे २४ मीटरांचा आहे. अशी कमान कशाच्या बळावर उभी राहते, हे ती हाताने रचून पाहिल्यावर जितके कळते तितके चित्रावरून कळत नाही. मुंबईकरांना त्यासाठी फार धडपड करावी लागत नाही, कारण परळ-लालबागला गणपतीचे कारखाने आहेत आणि शाडू मिळण्याची पंचाईत नाही.

आधी फोर्टात जाऊन दादाभाई नवरोजी मार्गावरील इमारतींच्या दगडी कमानी नीट पाहाव्यात. दगडांमधले सांधे सरळ उभे नसतात, ते कमानीच्या आतील बाजूस कलत जातात, म्हणजेच प्रत्येक दगड पाचरीसारखा असतो.

आपल्या अर्धवर्तुळाकार कमानीसाठी अशा ९ पाचरी कराव्यात. १८० अंशांचे ९ भाग केल्यास प्रत्येकी २० अंश येतात. त्या हिशेबाने, कमानीची आतील रुंदी २४ सेंटिमीटर धरून, पाचरीची खालची बाजू ४.२ सेंटिमीटर, वरची ५.९, दोन्ही तिरक्या बाजू ५ आणि जाडी ६ सेंटिमीटर ठेवावी. जाड पुठ्ठ्याचा एकच साचा करून सर्व पाचरी त्यातूनच काढाव्यात आणि सावलीत, अधूनमधून कूस बदलत, वाळवाव्यात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत याला बरेच दिवस लागतात; घाईने उन्हात ठेवलेल्या पाचरींना तडे जातात.

रोमन बांधकामात कमान पूर्ण होईपर्यंत तिचा भार खालचा लाकडी सांगाडा पेलत असे; आपले गवंडी त्यालाच सेंटरिंग म्हणतात. हे सेंटरिंग आधी कापून ठेवू नये. मी पहिल्या खेपेस २४ सेंटिमीटर रुंदीचे थर्माकोल आधीच कापून बसलो होतो. शाडू वाळताना आकसला आणि शेवटी माथ्यावर बोटभर फट राहिली. म्हणून वाळलेल्या पाचरी कागदावर आडव्या मांडून, त्यांच्या आतील रेषेवरूनच थर्माकोलचे अर्धवर्तुळ कापावे आणि ते पत्त्यांच्या चार-पाच पानांच्या थरावर उभे करावे. दोन्ही पायथ्यांना बाहेरून एकेक वीट टेकवावी, दोन्हीकडून सारख्याच पाचरी चढवत न्याव्यात आणि माथ्यावरचा कळीचा दगड, म्हणजे मधली पाचर, सर्वांत शेवटी बसवावा. मध्ये डिंक किंवा चुना मुळीच लावू नये. मग पत्ते एकेक करून ओढून घेतले की थर्माकोल खाली बसते, पाचरी एकमेकींना दाबून धरतात आणि तो भार पायथ्याशी बाहेरच्या दिशेने जातो.

हौस असल्यास दुसरी कमान रचून मधल्या खांबात एक लहान कमानीदार भोक ठेवावे. मूळ पुलात ते आहे. पुराचे काही पाणी त्यातून निघून गेल्याने खांबावरचा दाब कमी होतो.

मूळ पुलावरील लेखात लुकियस फाब्रिकियस या रस्त्यांच्या अधिकाऱ्याने तो बांधवून घेतल्याचे आणि स्वतःच तपासून पसंत केल्याचे कोरले आहे, इ.स.पू. २१ च्या कॉन्सलांनीही (रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी) आपली पसंती तेथे नोंदवली. आपण ही तपासणी कमानीच्या माथ्यावर बरोबर मध्यभागी थोडे थोडे वजन ठेवत करावी आणि त्या वेळी नजर कळीच्या दगडावर नव्हे, तर पायथ्याच्या विटांवर ठेवावी, कारण त्या हलल्या तर कमान कोसळते.