पोटातल्या बाळाची वाढ कमी आहे असं कळल्यावरची तयारी

सगळ्यात आधी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधून काढा. ‘बाळ दोन आठवड्यांनी मागे आहे’ हे ज्या तारखेवरून ठरवलं, तीच चुकली असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. पाळी अनियमित असली की शेवटच्या पाळीची तारीख फसवते. त्या पहिल्या रिपोर्टात मात्र बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजलेली असते आणि तिच्यावरून काढलेली तारीख चुकली तरी चार-सहा दिवसांनी. एकदा ठरली की ती बदलायची नसते. नंतरच्या प्रत्येक रिपोर्टावर मशीन आपलं नवीन तारीख छापत राहतं, तिकडे बघायचं नाही.

मग एक वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, किती आठवडे आणि दिवस, अंदाजे वजन, पोटाचा घेर, परसेंटाइल (तितक्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत तुमचं बाळ वजनात खालून कितवं), बाळाभोवतीच्या पाण्याचं प्रमाण, डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी), तुमचं बीपी. रिपोर्टांची फाइल असतेच, पण फाइलमधून काही दिसत नाही. एकाखाली एक आकडे आले की दिसतं. दहाव्या परसेंटाइलखालचं प्रत्येक बाळ अडचणीत नसतं. आई-वडील लहानखुरे असले तर बाळही तसंच असू शकतं, आपल्या गतीनं वाढत असतं. उलट साठाव्यावरून पंधराव्यावर घसरलेलं बाळ कागदावर नॉर्मल दिसलं तरी विचारायला हवं. तिसऱ्याच्या खाली गेलं तर मात्र कोणी ‘अंगानंच बारीक असेल’ म्हणून सोडून देऊ नये. सोनोग्राफीतलं वजन शंभराला दहा-पंधरा इतकं इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून दोन मोजमापांत साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. मी चौथ्या दिवशीच पुन्हा वजन बघायला सांगत होते. त्यानं फक्त माझी झोप गेली.

डॉपलरचं तसं नाही, ते आठवड्याला किंवा त्याहून लवकरही करतात. त्यात काय बघतात हे जाण्याआधी समजून घ्या, नाहीतर खोलीतल्या शांततेचे भलतेच अर्थ लागतात. वाढ खुंटण्याचं सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे वार (प्लासेंटा) नीट काम करत नसणं. वारेत अडथळा वाढला की नाळेच्या धमनीतून रक्त पुढे सरकायला त्रास होतो. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त पुढे जात असेल तर ठीक. तिथे प्रवाह थांबला तर देखरेख वाढते, उलटा फिरला तर बाळंतपणाचा निर्णय फार लांब राहत नाही. मेंदूकडची धमनीही बघतात, कारण तुटवड्यात बाळ रक्त मेंदूकडे वळवतं. म्हणून डोकं ठीक आणि पोट बारीक असं मोजमाप येतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहूनच न्या: बीपी कारण आहे का, संसर्गाची तपासणी हवी का, गुणसूत्रांची शंका आहे का, पुढची तपासणी कधी. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती आजच बंद, घरातल्या इतरांचा धूरही. ‘तू नीट खात नाहीस’ असं सांगणारे भेटतीलच. वारेतला अडथळा दोन घास जास्त खाऊन निघत नाही, आणि दिवसभर डाव्या कुशीवर पडून राहिल्यानं बाळ वाढतं असाही पुरावा नाही. ही यादी घरच्यांना वाचायला द्यायची तर हा परिच्छेद आधी द्या.

हालचालींसाठी ठरावीक आकडा नसतो. तुमच्या बाळाची चाल तुम्हाला ठाऊक असते. गर्भातली झोप एका वेळी साधारण 20 ते 40 मिनिटांची असते, दीड तासाच्या पुढे क्वचित जाते. हालचाल कमी वाटली तर त्याच वेळी निघायचं, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. घरच्या यंत्रावर ठोके ऐकून समाधान मानू नका, ठोके चालू असूनही बाळ अडचणीत असू शकतं. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं झालं तर बीपीसाठीही तसंच निघायचं.

तारखेची आशा थोडी सैल करा. नुसतं लहान असलेलं, डॉपलर चांगलं असलेलं बाळ बहुधा 37 आठवडे किंवा पुढेही नेतात. नाळेतला प्रवाह थांबला असेल तर 34 च्या आसपास, उलटा असेल तर त्याही आधी. म्हणून दवाखान्यात नवजात अतिदक्षता विभाग आहे का, किती आठवड्यांचं बाळ तिथे सांभाळतात, हे आताच विचारून ठेवा. पोटात असताना हलवणं जन्मानंतर हलवण्यापेक्षा सोपं. 34 च्या आत बाळंतपण होणार असं दिसलं तर फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, औषधाप्रमाणे 24 तासांच्या अंतरानं दोन किंवा 12 तासांच्या अंतरानं चार. त्यांचा खरा फायदा एका दिवसानंतर आणि आठवड्याच्या आत, म्हणून डॉक्टर ती उगाच आधी देत नाहीत.

दवाखान्यात न्यायच्या पिशवीबद्दल थोडंच. अगदी लहान मापाच्या टोप्या आणि मोजे घ्या, लहान बाळाचं अंग पटकन गार पडतं. साखरही पटकन उतरते, तेव्हा टाचेतून रक्त घेतलेलं बघून दचकू नका. बाळ पेटीत असलं तरी दूध काढून देता येतं. पंप कुठे मिळेल आणि पहिल्या काही तासांत सुरुवात कोण करून देईल हे ठरवून ठेवा. छातीशी उघड्या अंगानं धरायला कधी मिळेल, हेही विचारा. वडिलांनाही धरता येतं. घरी-दवाखान्यात कोण कधी, याच्या पाळ्या आधीच लावा.

आणि वार तपासणीला पाठवायची आहे असं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, गडबडीत ती टाकून दिली जाते. पुढच्या वेळी कमी मात्रेची अॅस्पिरिन द्यायची का, हे ठरवायला तो रिपोर्ट कामी येतो, आणि ती गोळी 16 आठवड्यांच्या आत सुरू करावी लागते. माझा रिपोर्ट आला तेव्हा मुलगी घरी येऊन तीन आठवडे झाले होते. वहीत शेवटच्या रकान्याखाली तो टाचून ठेवलाय.